निळीच्या हौदातला पंच

१

पंच मेला याचं मला वाईट वाटलं असं लिहिलं, तर ते खोटं ठरेल. माणूस किळसवाणाच होता. बोलताना थुंकी उडवायचा, बायकांशी बोलताना एक पाऊल जास्तच पुढे यायचा. ओढ्याच्या पाण्यावरून भांडण झालं की तो ते पाणी ओंजळीत घेऊन चाखायचा, खुळखुळून चूळ भरायचा आणि समोरच्याच्या पायाशी टाकायचा. कारागिरांच्या मंडळाने त्याला पंच नेमल्यापासून माझे जोडे कधी कोरडे राहिले नाहीत. पण म्हणून कुणी त्याला डोक्याकडून निळीच्या हौदात बुडवावं, असंही माझं म्हणणं नव्हतं.

सकाळी फौजदाराचा शिपाई बोलवायला आला. प्रेत मंडळातल्या कुणीतरी ओळखायला हवं होतं, आणि सगळ्यात जवळचा कारखाना माझा, कागदाचा. मी नाकाला पदर लावून ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले. त्या रंगशाळेत पाय ठेवायचा नाही अशी मी शपथ घेतली होती. शिळं मूत, आंबलेला कोंडा आणि नीळ हे सगळं कोमट पाण्यात कालवून महिनोन्‌महिने मुरवत ठेवलं की जो वास येतो, तो मला माझ्या घरात, माझ्या उशीत, माझ्या चहात येत असे.

अंगणात जत्रा भरली होती. लोक पोरंबाळं कडेवर घेऊन प्रेत बघायला आले होते. एकजण शेंगा खात होता आणि टरफलं तिथेच टाकत होता. पंच एका तरटावर उताणा पडलेला. डोकं, मान, छाती, सगळं निळंशार. कमरेखाली मात्र तो होता तसाच मळकट. फौजदार काडीने दात कोरत त्याच्याभोवती फिरत होता. काडीवर जे निघेल ते बघून पुन्हा तोंडात घालत होता.

"हाच ना?" त्याने विचारलं.

"हाच."

रंगशाळेचा मुकादम सांगू लागला. "काल आमची सुटी होती साहेब. सुटीला हौद निजवतो आम्ही. म्हणजे झाकण लावायचं, वर गोधड्या घालायच्या आणि हात लावायचा नाही. हलवला की नीळ बिघडते. आज सकाळी झाकण काढलं, तर पाय वर!"

"आणि काल इथे कोण होतं?"

"कुणीच नाही. मालक सोडून."

मालक दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. उंच, हडकुळा, कोपरापर्यंत हात निळे. गावात त्याला निळोबा म्हणत, आणि ते नाव मीच पाडलं होतं. मला बघून तो म्हणाला, "या बाई. नाक झाकून आलात ते बरं केलंत. नाहीतर प्रेताला तुमचा त्रास झाला असता."

अशा वेळीसुद्धा! मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

फौजदार माझ्याकडे वळला. "परवा मंडळाच्या बैठकीत यांचं नि पंचांचं वाजलं म्हणे. तुम्ही होतात?"

होते तर. तक्रार माझीच होती. गेलं वर्षभर माझ्या पाटाला गाळ येत होता, काळानिळा, घाणेरडा. चांगला पांढरा कागद करायचा तर पाणी आरशासारखं लागतं. माझे तावच्या ताव फुकट जात होते. पंचाने पुढच्या बैठकीत निवाडा देतो म्हणून सांगितलं होतं, आणि निवाडा माझ्या बाजूने लागला असता तर निळोबाला रंगशाळा मोडून गाव सोडावं लागलं असतं. तेव्हा निळोबा सगळ्यांदेखत पंचावर ओरडला होता, "माझं पाणी घाण? थांबा, एकदा माझ्या हौदात बुचकळून काढीन, मग चव सांगा!"

मी ते फौजदाराला जसंच्या तसं सांगितलं.

"न्यायाधीशांसमोर सांगाल?"

"अक्षर न् अक्षर."

फौजदार खूश झाला. त्याने काडी फेकली आणि निळोबाला विचारलं, "काल दुपारी कुठे होतास?"

निळोबाने एकवार माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लाज होती. आणि लाजणारा निळोबा मी तोवर पाहिला नव्हता.

"ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "फाशी दिलीत तरी नाही."

२

घरी आले आणि आधी घासून घासून हातपाय धुतले.

माझ्या घरात आम्ही तिघं. मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. वडील गेल्यावर कारखाना मी चालवायला घेतला. धाकटीला चांगलं स्थळ आलं, पण तिला माझ्यापासून दूर जायचं नव्हतं, म्हणून तोच आमच्याकडे राहायला आला. कारखान्यात त्याला सगळे जावईबापू म्हणत. दिसायला देखणा, बोलायला गोड, अंगाला सदा अत्तराचा वास. कारखान्यात तो गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि तेवढंच करायचा. चिंध्यांच्या कोठारात शिरायचं म्हटलं की त्याला मळमळायचं. मला त्याचं कौतुक वाटे. घाणीची किळस येणारं एक तरी माणूस घरात आहे, असं मी म्हणायचे.

"ताई, तुम्ही बघितलंत ते?" तो डोळे मोठे करून म्हणाला. "छे! मला तर ऐकूनच कसंसं होतंय."

त्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. आदल्या संध्याकाळी चिंध्या पांढऱ्या करायच्या पुडीचा डबा त्याच्या हातावर सांडला होता. ती पूड जहाल, कातडी सोलून काढते. धाकटी मलम लावायला गेली तर त्याने हात मागे घेतला. अशा दिवसांत तू हे बघू नयेस, म्हणाला. तिला आठवा लागला होता. किती जपतो हो हा, असं वाटून मला तेव्हा भरून आलं होतं.

दुपारी पंचाच्या बायकोला भेटायला गेले. रडारड ऐकायला लागेल म्हणून मन घट्ट करून गेले, तर ती बाई खिडक्या उघडून घर धूत होती.

"बसा," ती म्हणाली. "कोपऱ्याकोपऱ्यात थुंकलाय मेला. निघता निघत नाही."

"काल निघताना काही म्हणाले होते का?"

"म्हणाला, आज एकाची चांगली जिरवून येतो. आणि इतका हसला, इतका हसला की ठसका लागला. त्याला कुणाचं वाईट होणार असलं की असंच हसू यायचं."

"कुणाची जिरवणार होते?"

"ते नाही बोलला. पण म्हणाला, त्या कागदवालीचं तोंड बघण्यासारखं होईल."

माझं तोंड? निवाडा माझ्या बाजूचा असेल तर माझं तोंड आनंदाने फुलेल, त्यात हसण्यासारखं काय? मी वाटभर विचार करत आले. मग वाटलं, असेल त्या म्हाताऱ्याची काहीतरी घाणेरडी थट्टा. आणि विषय सोडून दिला.

दोन दिवसांनी वाळवणावरचे ताव उतरवायला गेले आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. त्या अख्ख्या खेपेत, प्रत्येक पांढऱ्या तावावर निळे ठिपके होते. बारीक, माश्यांनी घाण केल्यासारखे.

निळोबा कोठडीत होता, रंगशाळेला कुलूप होतं, आणि तरी त्याची नीळ माझ्या कागदात आली होती!

३

कोठडी म्हणजे एक ओली खोली, एका कोपऱ्यात बादली. मी ताव गजांतून आत फेकला.

"घ्या! आत बसूनसुद्धा तुमचा घाणेरडेपणा जात नाही!"

त्याने ताव उचलला आणि हसू लागला. "बाई, मी उद्या लटकणार, आणि तुम्ही कागदाचं भांडण घेऊन आलात? तुमच्यासारखी तुम्हीच." मग त्याने ताव उजेडाला धरला आणि त्याचं हसू थांबलं.

"हे माझ्या पाण्याने झालेलं नाही," तो म्हणाला.

"मग काय आकाशातून पडलं?"

"पाण्यातून रंग आला तर सबंध ताव निळसर होईल. गाळ आला तर डाग पडेल, पसरट. ठिपके कशाने पडतात, ते तुम्ही मला सांगा. धंदा तुमचा आहे."

मी ताव हिसकावून घेतला. रागाच्या भरात मी नीट बघितलंच नव्हतं. एका ठिपक्यावर नख फिरवलं. तो उकलला. धागा होता. दुसरा उकलला, तोही धागाच.

"कापड," मी म्हणाले. "कुणीतरी निळं कापड लगद्यात टाकलंय. पण माझ्याकडे रंगीत चिंध्या आधीच बाजूला काढतात. चिंध्या निवडणाऱ्या बायका डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात. निळी एक चिंधी पुढे जाणार नाही."

"म्हणजे निवडणीनंतर टाकलंय." तो गजांशी आला. त्याच्या अंगाला तोच वास होता, आणि मी मागे सरायचं विसरले. "बाई, पंचाला वर काढला तेव्हा तो कोणत्या रंगाचा होता, माहीत आहे?"

"निळा. मी बघितला ना!"

"तुम्ही नंतर बघितलात. हौदातून काढला तेव्हा पिवळा-हिरवा होता, कावीळ झाल्यासारखा. हौदाच्या आत नीळ कधी निळी नसते. कापड बुडवून काढलं की ते पिवळट निघतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. मुकादमाने काढल्याबरोबर तो आमच्यासमोर निळा होत गेला. मी जन्मभर हेच बघत आलोय, पण माणसाचा चेहरा तसा होताना बघितला आणि ओकलो."

मला कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे ज्याने त्याला धरून बुडवला, त्याचे हात नि बाह्या..."

"आधी पिवळ्या. त्याला वाटलं असेल, नुसतं घाण पाणी लागलंय. रंग लागला असं त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. तसाच निघाला असेल रस्त्याने. आणि पोचेपर्यंत सदरा निळा. माझा कुठलाही माणूस असा फसला नसता, आणि त्याला हात लपवायची गरजही पडली नसती. आमचे सगळ्यांचे हात निळेच आहेत."

"हे तुम्ही फौजदाराला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तो दात कोरत होता."

मी विचारलं, "काल... त्या दिवशी दुपारी कुठे होतात?"

"हसाल."

"मी तुमच्याकडे बघून हसावं असं तुमच्यात काही नाही."

"तुमच्या पाटाच्या तोंडाशी होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कमरेएवढ्या पाण्यात. गाळ उपसत. माझ्या खड्ड्यातला गाळ कुणीतरी बादल्यांनी उचलून तुमच्या पाटात आणून टाकतं. माझं सांडपाणी तर तुमच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला जाऊन मिळतं, बापाने तसा चरच खणून ठेवलाय. मी दर सुटीला येऊन तो गाळ काढत होतो."

मी हसलेच. खो खो हसले. माझ्या वैऱ्याने माझा पाट धुवावा!

"म्हणूनच सांगत नव्हतो," तो शांतपणे म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

४

कोठडीतून मी थेट पाटावर गेले, त्याला खोटं पाडायला.

पाटाच्या तोंडाशी झुडपं माजली आहेत, तिकडे आम्ही कुणी जात नाही. फांद्या बाजूला केल्या. काठावर गाळाचा ढीग होता, थरावर थर. खालचे वाळून तडकलेले, वरचा अजून ओलसर. शेजारी लाकडी फावडं पडलेलं, त्याच्या दांड्यावर निळ्या हातांचे ठसे. हा एका दिवसाचा ढीग नव्हता. एवढा गाळ माझ्या कागदात गेला असता तर कारखाना केव्हाच बंद पडला असता.

मी तिथेच बसले. त्या ढिगाकडे बघून मला जे वाटलं ती किळस नव्हती, आणि ते काय होतं हे कळून मला स्वतःचाच राग आला.

मग गाळ टाकत कोण होतं? पंचाला ते कळलं होतं, एवढं नक्की. म्हणूनच माझं तोंड बघण्यासारखं होणार होतं. चोर माझ्या ओळखीचा होता.

मी कारखान्यात आले. निवडलेल्या, धुतलेल्या चिंध्या जिथे कुटून लगदा होतो, ती कुटणीची खोली कुलपात असते. किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक धाकटीकडे, एक जावईबापूंकडे. मला ते आधीच कळायला हवं होतं. बहुतेक कळलं होतं, पण मी तिकडे बघत नव्हते.

कुटणी बंद करवली, पाणी सोडून दिलं आणि बाह्या सरसावून तळाच्या रेंद्यात हात घातला. थंडगार, बुळबुळीत, कुजका वास. चाचपत गेले. बोटांना काहीतरी कडक लागलं. बटण. मग आणखी एक. शिंगाची, बदामी रंगाची बटणं. चिंध्या निवडणाऱ्या बायका पहिल्यांदा बटणंच तर कापतात. कुटणीत बटण सापडलं म्हणजे ते कापड त्यांच्या हातून गेलंच नव्हतं.

बटणं ओच्यात पुसत मी बाहेर आले, तर ओसरीवर धाकटी बाळासाठी दुपटं शिवत बसलेली.

"अगं बाई!" ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली. "कुठे मिळाली तुला ही? यांच्या सदऱ्याची आहेत. तोच सदरा शोधून शोधून दमले मी. कुठे टाकलात म्हणून विचारलं तर आठवत नाही म्हणतात. ताई? काय झालं? अशी का बघतेस?"

५

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. उद्या साक्ष होती.

गप्प बसणं सोपं होतं. मी काहीच करायचं नव्हतं, नुसतं खरं बोलायचं होतं: हो, त्याने बुचकळून काढीन म्हटलं होतं. तेवढ्याने निळोबा लटकला असता. ओढा माझा झाला असता, धाकटीचा संसार टिकला असता, येणाऱ्या बाळाला बाप राहिला असता. एका मुताच्या व्यापाऱ्यासाठी बहिणीचं कुंकू पुसायचं? हो, असाच विचार केला मी, याच शब्दांत. आणि तो करताना मला माझीच अशी शिसारी आली, की कुटणीच्या रेंद्यात घातलेला हात परवडला.

जावईबापू दारात येऊन उभा राहिला. अत्तराचा घमघमाट आला.

"ताई, बरं नाही का? उद्या तुम्हाला बोलायचंय. निळोबाचं तोंड कायमचं बंद होऊ दे एकदा. मग ती जागा आपणच घेऊ. तिथे छान बाग करू. धाकटीला फिरायला होईल."

"त्याने पंचाला कशाला मारलं असेल हो?" मी विचारलं.

"पंच बुळबुळीत माणूस होता, ताई. हसायचा किती! समोरच्याला चिखलात लोळवून वर हसायचा. एखाद्याचं डोकं फिरतंच."

"तुम्हाला हसला होता कधी?"

तो गोड हसला. "मला कोण हसणार?"

त्याचा फडक्यातला हात दाराच्या चौकटीवर होता. मी तिथून नजर हलवली नाही. तोही गेला नाही. आम्ही दोघं तसेच उभे होतो, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला कळलंय.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "धाकटी फार नाजूक आहे. तिला धक्का बसला तर तिचं नि बाळाचं काय होईल, कुणी सांगावं?"

बहिणीच्या पोटातल्या जिवाची ढाल करून तो माझ्यासमोर उभा होता. आत्तापर्यंत मला जे जे घाण वाटत आलं होतं, ते सगळं त्या क्षणी स्वच्छ वाटलं.

६

न्यायाधीशांची खोली खच्चून भरली होती. घामाचा वास, खोकणं, कुजबुज. फौजदाराने मला पुढे बोलावलं.

"आरोपी काय म्हणाला होता ते सांगा."

"बुचकळून काढीन म्हणाला होता," मी म्हणाले. "पण काढला असता त्याने. ज्याने बुडवलं, त्याने काढला नाही."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशांनी हात वर केला.

मग मी बोलायला लागले. हौदातून पिवळं निघणारं आणि वाऱ्यावर निळं होणारं कापड. मुकादमाने झाकलेल्या घागरीतून हौदातलं पाणी आणलं होतं, त्याला तिथेच त्यात एक फडकं बुडवून दाखवायला लावलं, आणि ते निळं होताना बघायला मागचे लोक बाकांवर चढले. मग ठिपक्यांचे ताव. मग बटणं.

"हे करणाऱ्याला नीळ ठाऊक नव्हती, म्हणून तो सदरा अंगात घालून रस्त्याने गेला. त्याला कागदही ठाऊक नव्हता. कुटणी सगळं खाऊन टाकते असं त्याला वाटलं. कुटणी धागा तोडते, रंग खात नाही. कागदाच्या कारखान्यातल्या कुठल्याही बाईने हे सांगितलं असतं, पण त्याने कधी कुणाला काही विचारलंच नाही, त्याला मळमळायचं. कुटणीची किल्ली मात्र त्याच्याकडे होती. आणि हातांवरची नीळ घालवायला पांढरी पूड होती."

सगळ्या माना जावईबापूंकडे वळल्या. तो उठला. गडबडला अजिबात नाही.

"ताईंचा दोष नाही," तो म्हणाला. "निळोबाला भेटायला त्या कोठडीत गेल्या होत्या. बाईमाणसाचं मन कुठे जडेल, काय सांगावं." मागच्या बाकांवर घाणेरडं हसू झालं. "बटणं काय, कुणाचीही असतील. माझा तो सदरा घरी पेटीत आहे. माझ्या बायकोलाच विचारा."

धाकटी बाकावरून उठली. एक हात पोटावर. तिने नुसतं 'आहे' म्हणायचं होतं. सख्ख्या बायकोचा शब्द. न्यायाधीशांनी तो मानला असता, आणि बटणांना काही अर्थ उरला नसता. निळोबा आरोपीच्या पिंजऱ्यात डोळे मिटून उभा होता. तिने काय म्हणावं असं मला वाटत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"पेटीत आहे ना गं?" जावईबापू लाडाने म्हणाला.

धाकटी त्याच्याजवळ गेली. तिने त्याचा हात धरला आणि फडकं सोडायला लागली. त्याने हात ओढला. तिने सोडला नाही. फडक्याला चिकटलेली कातडी सुटून आली, लोक तोंडं फिरवायला लागले. हात सोलला होता, लालभडक. पण नखांच्या मुळांशी, जिथे पूड पोचली नव्हती, तिथे बारीक निळी रेघ होती. पाचही बोटांना.

"मला हात दाखवत नव्हते," धाकटी न्यायाधीशांना म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "मला वाटलं, माझी काळजी. सदरा पेटीत नाही. परत यांच्याबरोबर मला एका घरात घालू नका."

तेव्हा कुठे त्याचा गोडवा सुटला. किंचाळायला लागला. गाळाची बादली उचलताना पंचाने पकडलं. गयावया केली तर म्हातारा हसला. सगळ्या गावासमोर कागदवालीच्या दारात तुला उभा करतो म्हणाला आणि पुन्हा हसला. निळोबा जाऊन रंगशाळेची जागा मिळाली असती तर तो कुणाचा तरी जावई न राहता स्वतः मालक झाला असता. बोलता बोलता त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती, अगदी पंचासारखी. फौजदार ती बाहीने पुसत उभा राहिला.

त्याचं पुढे काय झालं ते लिहायची मला इच्छा नाही.

७

धाकटी घरी आली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला बाहेर येई, जेवे, आत जाई. माझ्याशी एक शब्द नाही. मी तिचा संसार मोडला होता आणि शेवटचा घाव तिच्या हाताने घालायला लावला होता. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाव तर तोंडभरून बोलतच होतं. ज्यांनी निळोबाच्या फाशीला शेंगा आणल्या असत्या, तेच आता त्याची पाठ थोपटत होते. मी कुणाला दारात उभं केलं नाही.

बाळ झालं, मुलगी. सुईण म्हणाली, तिच्याशी तरी बोलते, तेवढं पुरे.

एका सकाळी निळोबा आला. नवा सदरा, हात तेच.

"हौद खालच्या अंगाला हलवतोय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "तुमच्या कारखान्याच्या खाली. आता माझ्याकडून चुकूनसुद्धा काही तुमच्या पाण्यात येणार नाही."

"बापाची जागा सोडणार?"

"बापाला तुम्ही भेटला असतात, तर त्यानेही सोडली असती."

"मग आता भांडायचं कशावरून?"

"तेच विचारायला आलोय." तो घसा खाकरला. "लग्न केलं तर विषय निघत राहतील, असं वाटतं."

मला हसू आलं आणि लगेच आतल्या बंद दाराकडे लक्ष गेलं. हसू मेलं. "मला कसं विचारतोस तू हे?" मी म्हणाले. पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलले, तेही रागाने. "या घरात, तिच्यासमोर, मी संसार मांडू? ज्याला वाचवायला तिचा नवरा घालवला, त्याच्याशीच? तिला काय वाटेल? मला माझीच किळस येईल."

"येईल," तो म्हणाला. "मी थांबेन. मला मुरवत ठेवायची सवय आहे."

तो गेला नाही. दारातच उभा राहिला, वेड्यासारखा, आणि मीही त्याला जा म्हणाले नाही.

आतली कडी निघाली. धाकटी मुलीला खांद्यावर घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडेही नाही. पाण्याचा तांब्या भरून घेतला, परत निघाली आणि खोलीच्या दाराशी थांबली.

"ताई, त्याला आत तरी घे. नाहीतर धुवायला पाठव. मुलगी वासाने शिंकतेय."

कचेरीतून आल्यापासून ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.